तैपेईचे चार दिवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जगातल्या मोठ्या विमान अपघातांवर पानभर मजकूर आला होता. सिंगापूर एअरलाइन्सच्या तैपेईतल्या अपघाताच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आलं आहे: टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेताना, वैमानिकानं चूक केली, विमान बंद असलेल्या धावपट्टीवर नेलं आणि ८३ माणसं गेली. वाक्य खरं आहे, आकडाही बरोबर आहे. तरी मी त्यावरून घरात इतका चरफडत होतो की शेवटी सौ. म्हणाली, "पेपरवाल्यांना लिहा की. मला ऐकवून काय होणार?" म्हणून हे पत्र. लांबलं आहे. हवी तिथे कात्री लावा, फक्त दिव्यांचा भाग कापू नका.

माझी ओळख एवढीच की नोकरीभर मी विमानतळावर दिवे लावले. ग्राउंड लाइटिंगला वायरमन म्हणून लागलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. रात्रीच्या विमानात बसलात की खिडकीतून जमिनीवर रंगीत ठिपके दिसतात ना, ते आमचे. पुष्कळांना ती रोषणाई वाटते. निळे दिवे टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याच्या, कडेचे, हिरवे त्याच्या मध्यरेषेचे, पांढरे धावपट्टीचे. रस्त्यात आडवी लाल रांग पेटलेली दिसली की तो स्टॉप बार. तो पेटलेला असताना विमानानं ओलांडायचा नाही, टॉवरनं तोंडी परवानगी दिली असली तरी नाही. आधी दिवा विझवून घ्यायचा, मग पुढे सरकायचं. धावपट्टीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पिवळे दिवे आळीपाळीनं उघडझाप करतात, ते "पुढे धावपट्टी आहे" म्हणून सांगणारे. आकाशात वैमानिकाच्या हाताशी शंभर यंत्रं असतील. जमिनीवर रात्रीच्या पावसात तो या दिव्यांच्या, सिव्हिलवाल्यांनी मारलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आणि बाजूच्या पाट्यांच्या भरवशावर चालतो. त्यामुळे "टॅक्सी करताना वैमानिकाची चूक" असं वाचलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो दिव्यांचा. धंद्याची सवय, दुसरं काय.

तर तैपेई. तारीख ३१ ऑक्टोबर २०००, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. टायफून बेटावर चालून येत होता, पाऊस आडवा पडत होता, वाऱ्याचे झोत सुटले होते. सिंगापूरहून आलेलं बोइंग ७४७ तैपेईला थांबून लॉस एंजेलिसला निघालं होतं. विमानात १७९ माणसं, कॉकपिटमध्ये दोघांऐवजी तीन वैमानिक. त्या विमानतळावर दोन धावपट्ट्या शेजारीशेजारी, एकाच दिशेच्या: शून्य-पाच डावी आणि शून्य-पाच उजवी. उजवी दुरुस्तीसाठी सप्टेंबरच्या मध्यापासून बंद. तिच्या मधल्या भागात खणलेलं होतं, काँक्रीटचे ठोकळे होते, खोदकामाची यंत्रं उभी होती. ती बंद असल्याची नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, निघालेली होती आणि वैमानिकांच्या कागदांत ती होती. त्यांना उडायचं होतं डावीवरून आणि तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता रस्ता बघा. टॅक्सीवेवरून आलं की उजवीकडे वळून एन-वन नावाच्या तुकड्यावर यायचं. तिथे आधी उजवी, म्हणजे बंद धावपट्टी लागते. ती ओलांडून सरळ पुढे जायचं आणि मग डावी धावपट्टी. म्हणजे पहिलं वळण सोडून दुसरं घ्यायचं. दिवसाउजेडी हे शाळेतल्या पोरालाही जमेल. रात्री, पावसात, वायपर फिरत असताना, माणूस जमिनीवरच्या हिरव्या दिव्यांच्या मागे मागे जातो. आणि हिरवे दिवे काय सांगत होते? पहिल्या वळणावर, बंद धावपट्टीकडे जाणाऱ्या वळणावर, ते नियमाप्रमाणे साडेसात मीटरला एक असे गोल वळत गेले होते. सरळ पुढे, जिकडे जायचं होतं तिकडे, नियमाप्रमाणे १६ दिवे हवे होते. होते चार. तेही लांब लांब. त्या चारातला एक बंद आणि एक मंद होता, असं अपघातानंतरच्या पाहणीत आढळलं. पिवळी मध्यरेषाही सरळ शेवटपर्यंत ओढलेली नव्हती.

हे वाचलं तेव्हा मी टेबलावर कागद घेऊन एन-वनचं चित्र काढलं. १६ ठिपके काढले, १२ खोडले, उरलेल्यातला एक काळा केला. जो कोणी रात्रपाळीला एअरफील्डवर जीप फिरवत फिरला आहे, त्याला ते चित्र बघून पोटात गोळा येईल.

एवढ्यावर संपत नाही. बंद धावपट्टीच्या तोंडाशी अडथळा नव्हता, "बंद" म्हणून सांगणारं काहीच नव्हतं. ठोकळे आणि यंत्रं होती ती आत, पार पुढे. स्टॉप बार नव्हता. उघडझाप करणारे पिवळे दिवे नव्हते. टॉवरला जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नव्हतं, आणि त्या पावसात नुसत्या डोळ्यांनी काही दिसणं शक्य नव्हतं. त्या बंद पट्टीचं पुढे टॅक्सीवेमध्ये रूपांतर करायचं ठरलेलं होतं, त्यामुळे तिच्या मध्यरेषेवर टॅक्सीवेचेच हिरवे दिवे जळत होते. तिच्या कडेचे दिवे त्या वेळी चालू होते की बंद, याचा तर चौकशीत शेवटपर्यंत ठाम निकाल लागला नाही. एका विमानतळावर, एका ठरावीक मिनिटाला, एक सर्किट चालू होतं की नव्हतं हे कुणालाही सांगता येऊ नये! आमच्याकडे रात्रपाळीच्या लॉगबुकात सर्किट किती वाजता कुठल्या ब्राइटनेसला नेलं याची नोंद राहिली नाही तर सकाळी साहेब सरळ खुर्चीतून उठून यायचे.

विमान पहिल्याच वळणाला वळलं, तोंड सरळ झालं, इंजिनांचा जोर वाढला. समोरचे ठोकळे दिसले तेव्हा थांबायला वेळ राहिला नव्हता.

वैमानिकांची चूक मी झाकत नाही. चूक होती आणि मोठी होती. कॉकपिटमध्ये एक उपकरण असतं, ते विमान योग्य धावपट्टीच्या मध्यावर आलं की उघडतं. ते उघडलं नाही. त्यांनी ते पाहिलं, त्यावर बोलणंही झालं, आणि समोर धावपट्टी दिसतेय ना, मग चला, म्हणून ते निघाले. समोरच्या स्क्रीनवरच्या खुणाही जुळत नव्हत्या. डावी धावपट्टी रुंद, उजवी अरुंद; डावीच्या मध्यावर पांढरे दिवे हवेत, इथे हिरवे. तीन माणसं, सहा डोळे, आणि हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मन सगळं टायफूनकडे लागलेलं होतं. वारा मर्यादेबाहेर जाण्याआधी निघायचं होतं.

तैवानच्या चौकशी मंडळानं २००२ साली अहवाल दिला. त्यात वैमानिकांच्या चुका आणि हवामान "संभाव्य कारणं" या मथळ्याखाली, आणि दिवे, पट्ट्या, अडथळे, रडार हे सगळं "धोक्याशी संबंधित निष्कर्ष" अशा वेगळ्या मथळ्याखाली. सिंगापूर सरकारला हे पटलं नाही, त्यांनी आपलं म्हणणं वेगळं मांडलं. माझ्या मते दोन्ही देश आपापली बाजू सांभाळत होते. पण त्या मथळ्यांचा परिणाम असा झाला की पहिला कप्पा जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला आणि दुसरा अहवालातच राहिला. पंचवीस वर्षांनी तुमच्या पुरवणीत आला तोही पहिलाच. तिन्ही वैमानिकांना अपघातानंतर कित्येक आठवडे तैवान सोडू दिलं नव्हतं. एन-वनवरचे १२ दिवे का बसवले नव्हते हे विचारायला कुणाला थांबवून ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

तुमच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की सगळी माळ विझते, घरातला माणूस लगेच स्टुलावर चढतो. विमानतळावरचे दिवेही ओळीनं जोडलेले असतात, एकाच सर्किटमध्ये, पण प्रत्येक दिव्याला खाली खड्ड्यात स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे एक दिवा गेला तरी बाकीचे जळत राहतात. व्यवस्था चांगली आहे, नाहीतर एका बल्बपायी धावपट्टी अंधारात जाईल. पण त्यामुळेच गेलेला दिवा कुणाला जाणवत नाही. टॉवरमधून माळ पेटलेली दिसते. वैमानिक वेगात निघून जातो. तो दिवा शोधायला माणसालाच जावं लागतं, टॉवरची परवानगी घेऊन, जीपमधून, दिवे मोजत. काच चिखलानं माखते, टायरचं रबर बसतं, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरतं, गवत कापणाऱ्याचं यंत्र कडेचा दिवा उडवतं. धुक्यात वापरायच्या टॅक्सीवेवर लागोपाठ दोन हिरवे दिवे बंद चालत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. का, ते तैपेई बघितल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक. जीपमधून दिसतं ते आणि कॉकपिटमधून दिसतं ते यात जमीन-अस्मानाचा फरक. ७४७ मधल्या वैमानिकाचा डोळा जवळजवळ तिसऱ्या मजल्यावर असतो. नाकाखालची बरीच जमीन त्याला दिसतच नाही. पंखांची टोकं धड दिसत नाहीत, आणि त्या विमानाचा पसारा टोकापासून टोकापर्यंत ६४ मीटर. डिसेंबर २०१३ मध्ये जोहान्सबर्गला ब्रिटिश एअरवेजचं असंच ७४७ रुंद टॅक्सीवेऐवजी अरुंद टॅक्सीवेवर गेलं आणि पंख एका विटांच्या इमारतीत घुसला. विमानातल्या कुणाला ओरखडा नाही. इमारतीत काम करत बसलेल्या चौघांना किरकोळ इजा. आपल्याकडे २७ मार्च २०२४ ला कोलकात्यात दरभंग्याला निघालेल्या इंडिगोच्या विमानाच्या पंखाचं टोक उभ्या असलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या पंखाला लागलं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनं इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना ड्युटीवरून उतरवलं, ही बातमी सगळ्यांनी छापली. पुढे काय निघालं ते किती जणांनी छापलं?

मी दिव्यांचा माणूस म्हणून वैमानिकांना सवलत देतो, असं कुणी म्हणेल. नाही देत. अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टन म्हणून गाव आहे. २७ ऑगस्ट २००६ ला पहाटे, अंधारात, कॉमएअरचं छोटं जेट तिथे चुकीच्या धावपट्टीवर गेलं. हवी होती ती ७ हजार फुटांची, गेलं ते साडेतीन हजार फुटांच्या, छोट्या विमानांसाठीच्या पट्टीवर. ५० पैकी ४९ माणसं गेली, सहवैमानिक तेवढा वाचला. त्या छोट्या पट्टीवर दिवे लागलेलेच नव्हते. धावायला सुरुवात झाल्यावर सहवैमानिक म्हणालाही, दिवे नाहीत, विचित्रच आहे. कॅप्टननं हो म्हटलं. आणि विमान धावतच राहिलं. टॅक्सी करताना दोघांच्या इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, त्या वेळी तसं बोलायला मनाई असूनही. आठवडाभरापूर्वीच बांधकामामुळे तिथला टॅक्सीचा रस्ता बदलला होता आणि हातातला नकाशा जुना होता, टॉवरमध्ये एकटाच नियंत्रक होता, हे सगळं खरं. पण अंधार स्वतः ओरडून सांगत होता आणि त्यांनी तो ऐकला नाही. या अपघाताला तुम्ही खुशाल "वैमानिकाची चूक" म्हणा, मी पत्र पाठवणार नाही.

मिलानच्या लिनाते विमानतळाचं मात्र तसं नाही. ८ ऑक्टोबर २००१, सकाळ, दाट धुकं. एका छोट्या सेस्ना जेटला आर-फाइव्ह टॅक्सीवेवरून जायला सांगितलं होतं, ते आर-सिक्सवर गेलं आणि थेट उडणाऱ्या एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या विमानासमोर आलं. ११८ माणसं गेली, त्यातली चार तर सामानाच्या इमारतीत काम करणारी. सेस्नाच्या वैमानिकानं वाटेत जमिनीवर रंगवलेली एस-फोर ही खूण वाचून टॉवरला कळवली होती. टॉवरकडच्या नकाशावर ती खूणच नव्हती. जुनं जमिनीवरचं रडार काढून टाकलेलं, नवं सुरू झालेलं नाही. म्हणजे त्या वैमानिकानं आपण कुठे आहोत ते बरोबर सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला ते ठिकाण माहीत नव्हतं. इटलीच्या न्यायालयानं पुढे नियंत्रकाला आणि विमानतळाच्या अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. हेही आपल्याकडे कुठे छापून आलेलं मला आठवत नाही.

टोकियोचं ताजं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २ जानेवारी २०२४, तिथला हानेदा विमानतळ. आदल्या दिवशी नोतो भागात भूकंप झाला होता आणि तटरक्षक दलाचं विमान मदतीचं सामान घेऊन निघालं होतं. नियंत्रकानं त्याला सांगितलं, तुझा नंबर पहिला, सी-फाइव्ह टॅक्सीवेच्या थांब्यापर्यंत ये. कॅप्टननं त्यातून धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असं समजून घेतलं. विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं. मागून सप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं एअरबस उतरलं आणि त्यावर आदळलं. एअरबसमधले ३७९ च्या ३७९ लोक जळत्या विमानातून बाहेर आले, जगानं तोंडात बोट घातलं. तटरक्षकच्या सहापैकी पाच जण गेले. टॉवरमधल्या पडद्यावर धावपट्टी अडलेली असल्याची खूण रंग बदलून दिसत होती, पण तिला आवाज नव्हता आणि नियंत्रकाची नजर दुसरीकडे होती.

आणि सी-फाइव्हवरचा लाल स्टॉप बार? दुरुस्तीमुळे बंद. तशी नोटॅम होती. जपानच्या मंत्रालयानं लगेच सांगितलं की स्टॉप बार फक्त कमी दृश्यमानतेत वापरतात, त्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती, चालू असता तरी तो पेटवला नसता. बरोबर आहे, नियम तसाच होता. माझा वाद त्या नियमाशी आहे. कित्येक ठिकाणी स्टॉप बार चोवीस तास वापरतात, ऊन असो की धुकं. कानाला चुकीचं ऐकू येऊ शकतं, थकलेल्या माणसाला तर हमखास. समोर जमिनीत लाल रांग जळत असेल तर तो निदान विचारतो, "बाबा, हे अजून लाल का?" त्या एका प्रश्नासाठी विजेचं बिल किती येईल? मी हिशेब करू शकतो, पण तो छापण्यासारखाही नाही, इतका किरकोळ आहे.

विचारणं आणि थांबणं, याविषयी एक आठवण सांगतो. जुलैतली रात्र होती, पाऊस असा की जीपचे दिवे लावूनही बॉनेटपलीकडचं दिसत नव्हतं. टॅक्सीवेवर एक मालवाहू विमान मध्येच थांबलं. जीपमधल्या रेडिओ सेटवर आम्ही ऐकत होतो. वैमानिक शांतपणे म्हणाला, मी कुठे आहे याची मला खात्री नाही, मी हलणार नाही, फॉलो-मी, म्हणजे पुढे राहून वाट दाखवणारी जीप, पाठवा. दिवे सगळे चालू होते, मी स्वतः तासाभरापूर्वी बघून आलो होतो. पण डांबरावर पाण्याचा थर साचला होता आणि त्यात प्रत्येक हिरव्या दिव्याची दोन-दोन प्रतिबिंबं पडत होती. मागे विमानांची रांग लागली. सेटवर एकानं नाराजी दाखवली. हा पठ्ठ्या ढिम्म. फॉलो-मीची जीप आली, तिच्या मागे मागे तो गेला. त्या वैमानिकाचं नाव मला कधी कळलं नाही, त्याच्यावर कुठे बातमी आली नाही, येणारही नव्हती.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स विमानतळावर ६ डिसेंबर १९९९ च्या रात्री असंच झालं, फक्त तिथली गंमत जिवावरची होती. धुक्यात युनायटेडचं विमान वळण चुकून चालू धावपट्टीवर आलं. वैमानिकांनी टॉवरला सांगितलं, आम्ही धावपट्टीवर आहोत बहुतेक, आत्ताच डोक्यावरून कुणीतरी उडालं. ते खरंच होतं, फेडएक्सचं विमान नुकतंच वरून गेलं होतं. टॉवरला हे पटेना, जमिनीवरचं रडार नव्हतं, आणि नियंत्रिका दुसऱ्या विमानाला उडायची परवानगी देऊ लागली. त्या दुसऱ्या, यूएस एअरवेजच्या वैमानिकानं साफ नकार दिला: सगळा उलगडा होईपर्यंत आम्ही धावपट्टीपासून लांबच राहणार. एकालाही खरचटलं नाही. म्हणून तुमच्या पुरवणीच्या यादीत ही घटना नाही. मी संपादक असतो तर पहिली हीच घेतली असती.

मुंबईकर म्हणून एक अपघात मला टाळता येत नाही. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं एअरबस पुशबॅक होऊन, म्हणजे जागेवरून मागे ढकललं जाऊन, उभं होतं. नाकाजवळ, पुढच्या चाकापाशी जमिनीवरचा तंत्रज्ञ होता. खुणेचा अर्थ लावण्यात चूक झाली, विमान टॅक्सीला निघालं, आणि चालू इंजिननं त्याला ओढून घेतलं. त्या एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवरच्या, माणसांना मी ओळखतो, ती सगळी माझ्यासारखीच रबरी बूट आणि चमकदार जॅकेटवाली. विमान जमिनीवर असतं तोवर कुणाला काही होत नाही, असं प्रवाशांना वाटतं. पट्टा सोडायची घाई त्यातूनच येते. खाली काम करणाऱ्याला विमान जमिनीवर असतानाच जास्त धोका.

आता मागणं. तुमच्या बातमीदारांना सांगा, की "वैमानिकाची चूक" लिहायला हरकत नाही, पण फोन करताना एक-दोन प्रश्न जास्त विचारा. त्या वळणावरचे दिवे चालू होते का? स्टॉप बार आहे का, आणि असला तर तो कधी पेटवतात? तिथे बांधकाम चालू होतं का? उत्तर मिळणार नाही बहुधा. मग "उत्तर मिळालं नाही" असं छापा. दुसऱ्या दिवशी मिळतं. अपघात तपास विभागाचे, म्हणजे एएआयबीचे अंतिम अहवाल संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यांचा उद्देश दोष ठरवण्याचा नसतो, पुन्हा तसं होऊ नये एवढाच असतो, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पण ते यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, तोवर बातमी शिळी झालेली असते. ज्या पानावर वैमानिकाला ड्युटीवरून उतरवल्याची बातमी छापली, त्याच पानावर अहवालाचीही छापावी, चार ओळींत का होईना.

सध्या याची गरज जास्त आहे. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे आणि त्याचे पुढचे टप्पे बांधायचे आहेत. विमानं चालू असताना शेजारी बांधकाम, आज एक टॅक्सीवे उघडा, उद्या बंद, नकाशे बदलणार, पाट्या बदलणार. मुंबईच्या सहार विमानतळावर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर धावपट्ट्या दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवतात. ते काम दिवसा आणि आधी जाहीर करून होतं, ही चांगली गोष्ट आहे. पुण्यात हवाई दलाचा तळ आणि प्रवासी विमानं एकाच धावपट्टीवर. कुठे काय होईल असं मला सुचवायचं नाही. पण बातमीदारानं एकदा रात्री एअरफील्डवर जाऊन हे दिवे बघावेत, परवानगी काढून. पावसाळ्यात गेलात तर उत्तम. जाताना एखाद्या रात्रपाळीच्या वायरमनला बरोबर घ्या, अधिकाऱ्याला नको. अधिकारी चालू दिवे दाखवील.

सोबत एन-वनचं मी काढलेलं चित्र जोडलं आहे, १६ ठिपक्यांचं. प्रमाणात नाही, पण चूक नाही. छापायला जागा नसली तरी चालेल, परत पाठवायची गरज नाही, माझ्याकडे दुसरी प्रत आहे.

आपला,
एक निवृत्त विमानतळ कर्मचारी (ग्राउंड लाइटिंग)
बदलापूर (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)